नॉटिलसवरची भांडी

मी अकरा-बारा वर्षांची असताना आईला ज्यूल व्हर्न वाचून दाखवत असे. लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही चौघे राहत होतो. त्याखेरीज गिरणीत काम करणारे आठ जण दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायला येत, त्यामुळे आईला पुस्तक हातात धरण्याइतकी सवड कधीच नसे. कान मात्र मोकळे असत. पहिल्या पाळीची माणसे जेवून गेली की ती रात्रीचे तांदूळ निवडायला बसे आणि मी शाळेच्या ग्रंथालयातून आणलेला मराठी अनुवाद मोठ्याने वाचू लागे. समुद्राच्या पोटातून फिरणारी नॉटिलस, तिच्यातले ग्रंथालय, रात्री ऑर्गन वाजवत बसणारा कॅप्टन नेमो, हे सगळे ती मान खाली घालून ऐकत असे. प्राध्यापक अरोनॅक्सपुढे समुद्रातल्याच जिनसांचे एकेक पदार्थ येऊ लागतात आणि ताटावर, चमच्यावर, काट्यावर सगळीकडे ‘एन’ हे अक्षर कोरलेले असते, त्या प्रसंगापाशी तिचा हात सुपात थांबला. "आणि एवढी भांडी घासतं कोण?" तिने विचारले.

मला त्या प्रश्नाचा राग आला. पाणबुडीत वीज कशी तयार होते असे तिने विचारले असते तर मला सांगता आले असते, कारण व्हर्नने ते पुष्कळ सविस्तर सांगितले आहे. भांड्यांविषयी त्याने काहीच सांगितलेले नव्हते. पुढे बऱ्याच वर्षांनी मी तो भाग पुन्हा वाचला, तेव्हा लक्षात आले की वाढणारी माणसे तिथे आहेत. ती येतात, ताटे मांडतात, पाहुण्यांना न कळणाऱ्या भाषेत काही बोलतात आणि जातात. त्यांना नावे नाहीत. नेमो तर बंडखोरांमधला बंडखोर. पुढच्या एका कादंबरीत, १८७४-७५ साली, व्हर्नने उघड केले की हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, टिपू सुलतानाच्या नात्यातला आणि १८५७ च्या उठावात लढलेला. जगातली प्रत्येक सत्ता नाकारून हा माणूस समुद्राच्या तळाशी जाऊन राहिला आणि तिथेही त्याच्या पंगतीला वाढपी होतेच.

बाबा गिरणीच्या साचे खात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर, होते आणि लाल बावट्याचे होते. दारावरच्या फळीवर त्यांची पुस्तके असत. त्यांतली बहुतेक मॉस्कोत छापलेली, किमतीला अगदी स्वस्त, जाड पुठ्ठ्याची आणि पाने उलटताना एक विशिष्ट वास येणारी असत. १८४८ चा कम्युनिस्ट जाहीरनामा मराठीत मी तिथेच पाहिला आणि त्याचा अर्थ कळायच्या आधी त्याच्या वाक्यांचा ठेका माझ्या कानात बसला. रविवारी सकाळी चार-पाच कॉम्रेड आमच्या खोलीत जमत, आई दोनदा चहा टाके, आणि वरकड मूल्यापासून व्हिएतनामपर्यंत बोलणे चाले. त्यातले एक जण असे बोलत की मला कॉटवर बसल्या बसल्या उद्याचे जग दिसू लागे. खिडकीखाली घरगल्ली होती. मुंबईच्या चाळींमध्ये वाढलेल्यांना ती काय असते हे सांगायला नको; दोन इमारतींच्या पाठी एकमेकींकडे करून मध्ये उरलेली ती अरुंद बोळ, जिच्यात संडासांचे नळ उतरत आणि वरच्या मजल्यांवरून खरकटे पडत असे. दहाच्या सुमारास खराटा आणि बादली घेऊन एक माणूस तिच्यात उतरे, आणि तो आला की सगळ्या खिडक्या बंद होत. चाळ त्याला त्याच्या जातीच्या नावाने ओळखत असे. त्याचे खरे नाव कॉम्रेडांना ठाऊक नव्हते, मलाही नव्हते, आजही नाही.

गेली चाळीस वर्षे मी मुख्यतः दोन प्रकारची पुस्तके वाचत आले आहे: एक, समाजाची घडी मुळापासून बदलू पाहणारी राजकीय पुस्तके, आणि दुसरी, अजून नसलेली जगे रचून दाखवणारी कल्पितकथा, म्हणजे विज्ञानकथा आणि तिच्या आसपासचे सारे काही. ओळखीच्या लोकांना ही आवड विचित्र वाटते. पहिल्या प्रकारचे वाचक दुसऱ्याला करमणूक समजतात आणि दुसऱ्याचे वाचक पहिल्याला कंटाळवाणे. मला मात्र ही पुस्तके कधी दोन फळ्यांवर ठेवता आली नाहीत, कारण दोन्हींपुढे मी आईचाच प्रश्न घेऊन जाते. क्रांतीचा ग्रंथ काय पाडायचे ते ठासून सांगतो आणि पाडून झाल्यानंतरच्या सकाळीविषयी एखादा परिच्छेद लिहून थांबतो. कादंबरीकाराला ती मुभा नसते. त्याची पात्रे त्या सकाळी झोपेतून उठतात, त्यांना भूक लागते, शौचाला जावे लागते, आणि मग लेखकाला काहीतरी सांगावेच लागते. सांगितले नाही तर ते न सांगणेच पानावर दिसते.

टॉमस मोरच्या १५१६ सालच्या यूटोपिया बेटावर सोन्याला इतकी कमी किंमत आहे की त्याची मूत्रपात्रे करतात आणि कैद्यांच्या बेड्या घडवतात. दिवसाला सहा तास काम पुरते, खासगी मालमत्ता नाही, सगळे एकत्र जेवतात. पाचशे वर्षांपूर्वी कोणी असे लिहिले याचे आजही कौतुक वाटते. पण सामुदायिक भोजनगृहाच्या वर्णनापर्यंत आलात की दिसते: स्वयंपाक बायकांनी करायचा आणि घाणेरडी, कष्टाची कामे गुलामांनी. सोन्याची मूत्रपात्रे होती खरी, पण ती घासायला गुलाम होते.

अमेरिकी लेखक एडवर्ड बेलामी याच्या १८८८ सालच्या कादंबरीचा नायक १८८७ च्या बॉस्टनमध्ये झोपतो आणि २००० साली जागा होतो. हे पुस्तक आता वाचताना बरेचसे व्याख्यान वाटते, तरी त्यातल्या दोन गोष्टी मला आवडतात. एक म्हणजे पाऊस आला की पदपथांवर सलग छत उतरवले जाते आणि कोणालाच स्वतःची छत्री उघडावी लागत नाही. जुलै महिन्यात परळच्या पुलाखाली उभे राहून ज्यांनी आपल्या छत्रीचे पाणी दुसऱ्याच्या खांद्यावर सांडले आहे त्यांना या कल्पनेतला समाजवाद लगेच कळेल. दुसरी म्हणजे भोजनगृहातला वाढपी. तो सुशिक्षित तरुण आहे हे पाहून नायक ओशाळतो, तर यजमान डॉक्टर त्याला सांगतात की आपणही तरुणपणी याच जागी वाढप्याचे काम केले आहे. बेलामीच्या जगात प्रत्येकाने सुरुवातीची तीन वर्षे पडेल ते काम करायचे असते. कामगारांची ती फौज मला थोडी भीतिदायक वाटते, पण निदान त्याने प्रश्न ऐकला होता. त्याला उत्तर म्हणून विल्यम मॉरिसने १८९० मध्ये लिहिलेले भविष्य फार देखणे आहे: टेम्सच्या काठावर गवत कापणारी आनंदी माणसे आणि सोनेरी नक्षीचा झगा घातलेला कचरेवाला. त्या कचरेवाल्यावर मी भाळले होते. मग एका प्रकरणात एक वृद्ध गृहस्थ मोठ्या समजूतदारपणे सांगतात की घर नीट चालवण्यात हुशार बाईला मोठा आनंद असतो. आठ जणांचे जेवण रांधून मोरीत बसलेली आई आठवली आणि पुस्तक मिटले.

क्रोपोटकिनकडे मी उशिरा वळले. बाबांच्या फळीवर तो नव्हता. अराजकवादी म्हणजे शिस्त नसलेला, असे तिथले मत होते. हा रशियन सरदारपुत्र सायबेरियात भूगोलाचे संशोधन करत फिरला, पुढे क्रांतिकारक म्हणून तुरुंगात गेला आणि १८७६ मध्ये लष्करी इस्पितळाच्या आवारातून दिवसाढवळ्या पळाला. रस्ता मोकळा असल्याचा इशारा म्हणून समोरच्या घरात कोणी व्हायोलिन वाजवत होते. कादंबरीत घातले तर खोटे वाटेल असे हे आयुष्य आहे. पण १८९२ साली निघालेल्या त्याच्या ‘द कॉन्क्वेस्ट ऑफ ब्रेड’ या पुस्तकात मला भावले ते त्याचे घरगुतीपण. क्रांतीच्या पहिल्या दिवशी शहरातल्या माणसांना भाकरी कशी मिळेल, हा तिथे तत्त्वज्ञानाआधीचा प्रश्न आहे, आणि त्याच पुस्तकात भांड्यांवरही एक जागा आहे. इलिनॉयच्या कोणा मिसेस कॉक्रेन यांनी तयार केलेल्या भांडी धुण्याच्या यंत्राचा उल्लेख हा जगभर बदनाम झालेला क्रांतिकारक मोठ्या उत्साहाने करतो. तो पुढे म्हणतो त्याचा आशय असा, की स्त्रीला विद्यापीठाची, न्यायालयाची, संसदेची दारे उघडून दिली म्हणजे ती मुक्त झाली असे नाही, कारण अशी मुक्त झालेली स्त्री घरचे कष्ट दुसऱ्या एखाद्या स्त्रीच्या अंगावर टाकील. मी तेव्हा फोर्टमधल्या एका बँकेत नोकरीला होते. हे वाक्य मी आठ वाजून बारा मिनिटांच्या लोकलमध्ये वाचले, आणि त्याच वेळी डोंबिवलीत माझ्या ओट्यावरची रात्रीची भांडी दुसऱ्या एक बाई घासत होत्या.

क्रोपोटकिनचे ऋण मोकळेपणाने मानणारी एक अमेरिकी लेखिका मला हुतात्मा चौकाजवळच्या पदपथावर भेटली. अर्सुला ले ग्विनच्या ‘द डिस्पझेस्ड’ या १९७४ सालच्या कादंबरीचे मुखपृष्ठ फाटलेले होते आणि विक्रेत्याने ती हेरकथांच्या ढिगात ठेवली होती. पहिल्याच पानावर एक भिंत आहे. मोठ्या माणसाला तिच्यावरून पलीकडचे दिसते, लहान मूलही ती चढू शकते, तरी ती भिंत आहे. आणि कोण आत, कोण बाहेर, हे तुम्ही कोणत्या बाजूला उभे आहात त्यावर अवलंबून आहे. अनारेस नावाच्या कोरड्या, दरिद्री चंद्रावर काही पिढ्यांपूर्वी बंडखोर येऊन वसले. तिथे सरकार नाही, तुरुंग नाही, पैसा नाही, मालकी नाही. आकाशात दिसणाऱ्या हिरव्यागार उरासवर हे सगळे आहे. शेवेक नावाचा पदार्थवैज्ञानिक अनारेसवरून उरासला जातो, एवढीच म्हटली तर गोष्ट.

उरासवर त्याला विद्वान यजमान तोच जुना प्रश्न विचारतात: तुमच्याकडे घाणेरडी कामे कोण करतो? त्यांना वाटते की हा बिनतोड प्रश्न आहे. शेवेक सरळ सांगतो की आम्ही सगळेच करतो. दर दहा दिवसांतला एक दिवस वस्तीची समिती अशा कामासाठी बोलावू शकते, फिरत्या याद्या असतात, आणि पाऱ्याच्या खाणीसारख्या धोक्याच्या जागी अर्ध्या वर्षाहून जास्त कोणी राहत नाही. मी त्या पानावर पेन्सिलीने उभी रेघ ओढली होती. राजकीय पुस्तकात हेच उत्तर असते तर मी मान डोलावून पुढे गेले असते. इथे उत्तर देणाऱ्या माणसाचे हात मला माहीत होते. वाळवंटात झाडे लावताना त्यांची काय दशा झाली होती ते मी आधीच्या प्रकरणात वाचले होते.

या कादंबरीचे मोठेपण असे की ती इथे थांबत नाही. ले ग्विनने अनारेसला संदिग्ध आदर्श म्हटले आहे आणि तो शब्द ती शेवटपर्यंत पाळते. कायदा नसलेल्या जगात शेजाऱ्यांचे मत हाच कायदा होतो. साबुल नावाचा सामान्य वकुबाचा ज्येष्ठ वैज्ञानिक कसलेही अधिकारपद नसताना शेवेकची वाट अडवून धरतो आणि त्याच्या लेखनावर आपलेही नाव लावतो. दुष्काळात शेवेक आणि ताक्वेर या जोडप्याला चार वर्षे वेगवेगळ्या टोकांना काम करावे लागते, आणि त्यासाठी त्यांना कोणी हुकूम दिलेला नसतो. कॉम्रेडांच्या बैठका पाहत वाढलेल्या मुलीला हे वाचताना जी ओळख पटली ती कोणत्याही चळवळीच्या इतिहासात पटली नव्हती. आमच्या खोलीतही कोणी कोणाला हुकूम देत नसे. तरी कोणी कोणत्या विषयावर बोलायचे नाही हे सगळ्यांना ठाऊक असे. आणखी एक जागा मला पुन्हा पुन्हा बोलावते. उरासवर शेवेकच्या दिमतीला एफोर नावाचा नोकर आहे. तो अदबीने, छापील भाषेत बोलतो. शेवेक आजारी पडतो तेव्हा एफोरच्या तोंडून हळूहळू त्याच्या स्वतःच्या वर्गाची तुटक बोली बाहेर येऊ लागते, आणि इतके दिवस या जगात राहूनही आपण ते पाहिलेच नव्हते हे शेवेकला उमगते. नॉटिलसवरच्या वाढप्यांची भाषा व्हर्नने कोणाला कळू दिली नव्हती. इथे निदान एक वाढपी बोलला.

बंगाली लेखिका बेगम रोकेया यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात आली. तिच्यातल्या स्त्रियांच्या राज्यात पुरुष मर्दानखान्यात असतात, स्वयंपाक आणि मुले तेच सांभाळतात, स्वयंपाकघर सूर्याच्या उष्णतेवर चालते आणि त्यात धूर नाही, कोळसा नाही. जिच्या डोळ्यांतून रोज रॉकेलच्या स्टोव्हचे पाणी वाहत असे त्या बाईची मुलगी ही कथा हसत हसतच वाचणार. मात्र ती उलटवलेली बाहुली आहे, दाखवण्यासाठी उलटवलेली. मर्दानखान्यातल्या पुरुषांमध्ये पुन्हा मालक कोण आणि चाकर कोण, हे कथा विचारत नाही. अवघ्या काही पानांच्या कथेकडून सगळेच मागणे बरे नाही, हेही खरे.

परदेशी पुस्तकांतून हिंडताना मला एक गोष्ट उशिरा दिसली. घाणेरडे काम कोण करणार, हा त्या लेखकांपुढे भविष्यातला प्रश्न आहे. आपल्याकडे त्याचे उत्तर कोणाच्याही जन्मापूर्वी लिहून ठेवलेले होते. गावगाड्यातल्या बलुत्यांमध्ये कोणी काय करायचे याची एक पक्की यादी होती, फक्त ती फिरती नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे न झालेले आणि मग स्वखर्चाने छापलेले भाषण मी पहिल्यांदा वाचले तेव्हा त्यातले एक वाक्य घरगल्लीच्या खिडकीतून आत आल्यासारखे वाटले: जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे. बाबांच्या फळीवर हे पुस्तक का नव्हते, असे मी त्यांना एकदा विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आम्हाला वाटायचं, गिरणी आपली झाली की ते आपोआप जाईल." साचे खात्यात तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि म्हणून त्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, ही गोष्ट गिरणगावात सगळ्यांना ठाऊक होती. बाबांनाही होती.

मराठीतले माझ्या मते सर्वांत धाडसी कल्पित १८७३ सालचे आहे, आणि ते कादंबरी म्हणून लिहिलेले नाही. जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’त जोतीराव आणि धोंडिबा यांचा संवाद चालतो. धोंडिबा भाबडेपणाने एकेक विचारतो आणि दशावतारांची सगळी कथा आतून बाहेर उलटत जाते. मत्स्य म्हणजे लहान होड्यांतून आलेल्या टोळीचा म्होरक्या, वामन म्हणजे आक्रमक, आणि पाताळात ढकललेला बळी हा इथला न्यायी राजा. खंडोबा हा बळीच्या राज्यातल्या एका खंडाचा अधिकारी, म्हसोबा म्हणजे महासुभा; घराघरातल्या देवांच्या नावांतून जोतीराव एक हरवलेले राज्य उभे करतात. त्यांच्या व्युत्पत्तींवर भाषाशास्त्रज्ञ हसतील आणि इतिहासकार पुरावा मागतील. मला हे पुस्तक तसे वाचावेसे वाटत नाही. आजचे विज्ञानकथालेखक जग रचतात तेव्हा नेमके हेच करतात: रोजच्या वापरातला शब्द उचलायचा आणि त्यामागे वेगळा भूतकाळ ठेवायचा, म्हणजे वर्तमान हलू लागते. "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" असे म्हणत आई दिवाळीत बाबांना ओवाळत असे. लाल बावट्याच्या घरातला सर्वांत जुना जाहीरनामा तिच्या तोंडी होता आणि आम्हा कोणाच्या ते लक्षात आले नव्हते. ‘गुलामगिरी’ जोतीरावांनी अमेरिकेतल्या गुलामांची सुटका करणाऱ्या तिथल्या सज्जनांना अर्पण केली आहे. त्याच्या पाच वर्षे आधी, १८६८ मध्ये, त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. माझ्या मनात हे दोन्ही एकाच ग्रंथाचे भाग आहेत, आणि हौदाचा भाग आधी आला.

याच्या शेजारी मी नेहमी जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा ठेवते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जागे होतात जिथे १७६१ मध्ये विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेली आणि मराठे पानिपत जिंकले. ही कल्पना दुसऱ्या कोणाच्या हाती लागती तर भगवे झेंडे आणि नगारे यांनी पाने भरून गेली असती. नारळीकरांनी मात्र सभाध्यक्षपदाची हजारी गाठायला निघालेल्या पंतांना अशा मुंबईत नेले, जिथल्या श्रोत्यांनी अध्यक्ष ही जातच बाद केली आहे. व्यासपीठावरच्या रिकाम्या खुर्चीत बसायला जावे तर लोक हाताला येईल ते फेकून मारतात. जिंकलेल्या पानिपताचे फळ काय, तर भाषणबाज विद्वानाला खाली उतरवणारी सभा. ही खट्याळ लोकशाही मला फार आवडते. तरी आईच्या बाजूने एक शंका राहतेच. पेशवाई टिकली आणि कालांतराने शहाणी झाली, असे त्या जगाच्या इतिहासात लिहिलेले असेल. पण त्या टिकलेल्या पेशवाईत जोतीरावांच्या शाळेचे काय झाले, महारवाड्याचे काय झाले? पंतांनी ग्रंथालयात बसून आपल्याच इतिहासाचे खंड चाळले. त्या मुंबईतल्या घरगल्लीत डोकावण्याचे त्यांना काही कारण पडले नाही. गोळी चुकली तर कोणाचे जग बदलते, याचे उत्तर वाचणारा कोठे वाढला त्यावरही ठरते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख गिरणी कामगार बाहेर आले. मी तेव्हा महाविद्यालयात नुकती गेले होते आणि भिंतीवरची घोषणा वाचावी तसा तो काळ वाचत होते. जेवणारी माणसे सहा महिने उधारीवर जेवली, मग एकेक करून गावी गेली, आणि आईच्या वहीतले आकडे तसेच राहिले. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते; आई त्याची सभासद होती आणि त्यातून मिळालेल्या कर्जावरच तिची दोन मोठी पातेली आली होती. संपाविषयी पुढे मी पुष्कळ वाचले. नेत्यांचे डावपेच, मालकांचे हिशेब, जमिनींचे भाव, सगळे त्यात आहे. ती वही कुठल्या पुस्तकात सापडायची राहिली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आमच्या सोसायटीने कामाला येणाऱ्या बायकांना फाटकावरच थांबवले. भांड्यांना येणाऱ्या मावशींचा पगार मी चालू ठेवला आणि तेवढ्यावर स्वतःवर बरीच खूश होते. दुसऱ्या महिन्यात कंबर धरली, तेव्हा क्रोपोटकिनच्या मिसेस कॉक्रेन आठवल्या आणि बंदी उठताच मी भांडी धुण्याचे यंत्र मागवले. त्यात कढई बसत नाही, कुकरचे झाकण उभे राहत नाही, आणि फोडणीच्या पळीचा काळा डाग तसाच राहतो. मावशी परत आल्या तेव्हा त्यांनी यंत्राभोवती एक चक्कर मारली, दार उघडून आत पाहिले आणि म्हणाल्या, "मग आता माझं काय?" मी घाईघाईने सांगितले की तुम्ही येतच राहा. आता त्या यंत्रावर कापड घातलेले आहे आणि वर पापडांचे डबे आहेत. शंभर वर्षांहून जुन्या एका स्वप्नाची माझ्या घरी अशी वासलात लागली.

आई आता माझ्याकडेच असते. डोळे अधू झाले आहेत, त्यामुळे पुन्हा मोठ्याने वाचणे आले. गेल्या पावसाळ्यात मी तिला ले ग्विन सांगायला घेतली. इंग्रजी पान डोळ्यांसमोर धरून तोंडाने मराठी करत. अनारेसच्या लोकांची भाषा ‘माझे’, ‘तुझे’ शक्यतो टाळते, हे इंग्रजीत वाचताना मला विलक्षण वाटले होते. शेवेकची लहान मुलगी सादिक, मी वापरते तो रुमाल तू घे, अशा अर्थाचे काही म्हणते. मराठीत सांगताना त्यातले नवल निम्मे उतरले. आपल्याकडे पुस्तक ‘माझ्याकडे’ असते, पैसे ‘माझ्यापाशी’ असतात. इंग्रजी ‘हॅव’सारखे मालकी धरून ठेवणारे क्रियापदच भाषेत नाही. आईला तर त्यात काहीच वेगळे वाटले नाही. "चाळीत कुठं कोणाचं काय होतं?" ती म्हणाली. मी तिला घरगल्लीची आठवण करून दिली नाही.

मग शेवेकच्या त्या उत्तरापर्यंत आलो, जिथे माझी जुनी पेन्सिलीची रेघ आहे. भांड्यांचा प्रश्न तिला आठवत नव्हता; मला तो पन्नास वर्षे पुरला हे ऐकून तिला हसू आले. मी विजयाने सांगितले, की बघ, या बाईंनी उत्तर दिले आहे: सगळ्यांची पाळी, फिरती यादी, कोणी सुटत नाही. तिने ते दोनदा सांगायला लावले. "यादी बरी आहे," ती म्हणाली. "पण ती करतं कोण?"

मला आठवले की पुढे कुठेतरी ते आहे. दुष्काळाच्या दिवसांत कोणाला किती शिधा द्यायचा याच्या याद्या करण्याचे काम शेवेककडे येते. आपण माणसांची भूक वाटत बसलो आहोत हे न सोसून तो ते सोडून देतो, आणि त्याच्या जागी यादी करायला दुसरे कोणीतरी येऊन बसते, कारण असे कोणीतरी नेहमी मिळतेच. इतक्या वेळा वाचूनही मी त्या पानावर कधी रेघ ओढली नव्हती. मी पाने उलटू लागले. सापडेना. तेवढ्यात बेल वाजली. अकरा वाजले होते आणि मावशी आल्या होत्या.

"त्यांना विचार," आई म्हणाली.

मी दार उघडले. मावशींनी छत्री बाहेर झटकली, पदर खोचला आणि सरळ मोरीकडे गेल्या. मी विचारले नाही. त्यांना अजून चार घरे करायची होती.